दोन पातळ हात

रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कशाला मारायचाय?” भिंतीला, गेटला, गच्चीवरच्या टाकीला, नाहीतर गाडीला. फळ्यांवरचे डबेही याच चार उत्तरांच्या हिशेबानं लावलेले असतात. अशा दुकानात देवपुरातला एक तरुण येतो आणि म्हणतो, “सैनिकाला.” दुकानदार दचकत नाही. चौकात पुतळा बसायचा असेल, निवडणुका जवळ आल्या की बसतातच. “किती फुटी?” तो विचारतो. “फुटी नाही शेठ, दीड इंची.” शेठ शेडकार्ड मिटतात आणि आतल्या पोऱ्याला ओरडून सांगतात, “याला लहानातली लहान डबी दे रे.” लहानातली लहान डबी पन्नास मिलिलिटरची निघते. तेवढ्यात या तरुणाची अख्खी पलटण रंगते, पलटणीचे रणगाडे रंगतात आणि वर नातवंडांच्या पलटणीपुरता रंग उरतो.

हा तरुण कुणी एक नव्हे. वाचकांनी तो सोयीसाठी कल्पून घ्यावा. गाव मात्र खरं आहे. पांझरा नदीच्या अलीकडे जुनं धुळं: कॅप्टन जॉन ब्रिग्जनं १८१९च्या सुमारास खानदेशचं मुख्य ठाणं म्हणून निवडलेलं, सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्यांचं, आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर असलेलं. पलीकडे देवपूर: एकवीरा देवीचं मंदिर, कॉलेजं, क्लासेस, भाड्याच्या खोल्या आणि मुलांना स्पर्धा परीक्षेला बसवणारे आईबाप. अशा वस्तीत मध्यरात्री टेबललॅम्प लावून मान खाली घातलेला मुलगा खिडकीतून दिसला, की शेजारपाजारचे मनातल्या मनात त्याला तहसीलदार करून टाकतात. प्रत्यक्षात तो एका अंतराळयोद्ध्याच्या गुडघ्याच्या वाटीला निळा रंग देत असतो.

खेळाचं नाव वॉरहॅमर ४०,०००. आकडा किमतीचा वाटला तरी सालाचा आहे. त्या दूरच्या काळात माणसाचं साम्राज्य दहा लाख ग्रहांवर पसरलंय. त्याचा सम्राट दहा हजार वर्षं एका सोन्याच्या सिंहासनावर अर्धमेल्या अवस्थेत बसून आहे. तो बोलत नाही, हलत नाही, खुर्चीही सोडत नाही. त्याच्या नावानं सगळे हुकूम दुसरेच काढतात. हे वाचून आपल्याकडच्या एखाद्या सहकारी संस्थेची आठवण झाली तर खेळ रचणाऱ्यांना दोष देऊ नये. ते बिचारे इंग्लंडातले. गेम्स वर्कशॉप ही त्यांची कंपनी १९७५ साली लंडनमध्ये तिघा मित्रांनी लाकडी बोर्डगेम बनवून विकायला सुरुवात केली तेव्हा जन्मली. पुढे तिनं नॉटिंगहॅमला बस्तान हलवलं आणि १९८७ मध्ये रिक प्रीस्टली यांनी रचलेला हा खेळ बाजारात आणला. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत, एफटीएसई १०० मध्ये, जाऊन बसली. बँका, तेलकंपन्या, औषधकंपन्या आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून प्लॅस्टिकचे सैनिक विकणारी एक कंपनी. ‘खेळण्यात काय ठेवलंय’ असं म्हणणाऱ्या वडिलांना देवपूरकर ही बातमी अधूनमधून वाचून दाखवतो. वडील ऐकून घेतात आणि विचारतात, “मग त्यांच्याकडे नोकरी लागते का?”

या खेळातली खाशी गोष्ट अशी, की सैनिक रंगवलेले मिळत नाहीत. जोडलेलेही मिळत नाहीत. खोक्यात करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांत हात, पाय, डोकी, बंदुका सुट्या अडकवलेल्या असतात. इंग्लंडात दहा सैनिकांच्या अशा खोक्याला चाळीस पौंडांच्या आसपास पडतात. भारतात येईतो त्यांना वाटेत सरकार भेटतं. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. रोख स्वस्त चिनी खेळण्यांवर होता, पण वाटेत नॉटिंगहॅमचा वीरही सापडला. त्यामुळे आपल्या देवपूरकराला दोन तोंडांनी बोलावं लागतं. कस्टमवाल्यांपुढे तो शपथेवर सांगतो, की हे खेळणं नाही, कलासाहित्य आहे. घरी सांगतो, की काही विशेष नाही, खेळणंच तर आहे.

खोकं उघडल्यावर पहिलं काम रंगाचं नसतंच. कटरनं एकेक तुकडा सोडवायचा, साच्याच्या दोन पाकळ्या जुळल्याच्या जागी उठलेली शिवण ब्लेडच्या पाठीनं खरवडायची, सांध्यात फट राहिली तर लांबी भरायची, बारीक काचपेपर मारायचा. भिंतीच्या रंगाऱ्याला यातलं काहीही नवीन वाटणार नाही. फरक इतकाच, की त्याची भिंत हातातून निसटून फरशीच्या फटीत जात नाही. सैनिकाचा डावा हात जातो. मग रात्री साडेअकरा वाजता घरातले सगळे खाटेखाली मोबाइलचा उजेड पाडून एका अंतराळयोद्ध्याचा हात शोधत असतात. तो सापडतो सकाळी, केरात, आणि बंदुकीसह.

त्यानंतर अस्तर. अस्तराशिवाय ॲक्रिलिक रंग प्लॅस्टिकला धरत नाही, नखानं निघून येतो. यासाठी फवारणीचा डबा लागतो, आणि इथं खानदेशचं हवामान मध्ये पडतं. मे महिन्यात धुळ्याचा पारा ४३-४४ला टेकतो. अशा कोरड्या उन्हात गच्चीवर फवारा मारला, की रंगाचे कण सैनिकापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतात आणि अंगावर भुकटी होऊन बसतात. एका दुपारीत अख्ख्या पलटणीला घामोळं उठतं. पावसाळ्यात उलटा प्रकार: हवेतल्या दमटपणानं अस्तरावर पांढरट बुरशी आल्यागत साय धरते. थंडीत तरी सुख असावं, तर धुळ्याची थंडी राज्यातल्या कडक थंड्यांपैकी. पहाटे पारा एक आकडी होतो आणि डब्यातला दाब बसून फवारा पिचकारीसारखा थुंकायला लागतो. सरतेशेवटी अस्तराचा मुहूर्त निघतो तो नोव्हेंबरातल्या काही दुपारींचा, आणि त्या दुपारी घरात दिवाळीची नाहीतर लग्नसराईची कामं निघालेली असतात. फवाऱ्याचे डबे ज्वालाग्राही, त्यामुळे विमानानं पार्सल येत नाही. म्हणून शेवटी गाड्यांच्या रंगकामाच्या दुकानातला राखी प्रायमर. तो मोटारसायकलच्या टाकीसाठी असतो, पण सैनिक तक्रार करत नाही.

उन्हाळ्याचा दुसरा मार रंगाच्या ताटलीवर. ॲक्रिलिक रंग पाण्यात कालवून ताटलीत घेतला, की ब्रश उचलून ध्यान लागेपर्यंत त्याची पापडी झालेली असते. यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे ओली ताटली: डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. खालून ओल झिरपत राहते आणि रंग रात्रभर जिवंत राहतो. परदेशात यासाठी खास डबे विकले जातात. देवपुरात मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा, भांडी घासायचा नवाकोरा स्पंज आणि केकसाठी आणलेला बटर पेपर एवढ्यावर भागतं. कूलरसमोर बसलं तर आणखी बरं, मात्र कूलरच्या झोतात वाळूइतकी धूळही येते. गावाचं नाव लक्षात घेता तक्रार कुणाकडे करणार?

रंगकामाचा मूलमंत्र या छंदातले लोक जपमाळेसारखा म्हणत असतात: एक जाड हात मारू नका, दोन पातळ मारा. डंकन ऱ्होड्स नावाचे गृहस्थ कंपनीच्या व्हिडिओंमधून हे वर्षानुवर्षं सांगत आले, आणि एवढ्या एका वाक्यावर त्यांची जगभर कीर्ती झाली. घराला रंग देणारा कुठलाही मिस्तरी हेच सांगतो. त्याचे व्हिडिओ कुणी काढत नाही, इतकंच. जाड हात मारला, की चिलखतावरचे खिळे बुजतात, बोटांची मूठ होते, चेहऱ्याचा बटाटा होतो. थरांचं काय होतं हे खानदेशाला खरं तर सांगायला नको. वणीची सप्तशृंगी ही इथल्या कितीतरी घरांची कुलदेवता. २०२२ मध्ये संवर्धनासाठी मंदिर काही आठवडे बंद ठेवून मूर्तीवरचे शेंदराचे साचलेले थर उतरवले, तेव्हा खालचं मूळ रूप पाहून भाविक थक्क झाले होते. भक्तीचा थर जाड असला तर शोभतो. सैनिकाच्या नाकावर तो शोभत नाही.

आता ब्रश. या पंथातला सर्वांत मानाचा ब्रश विन्सर अँड न्यूटनचा ‘सीरीज ७’. व्हिक्टोरिया राणीनं १८६६ मध्ये आपल्या जलरंगांसाठी उत्तम ब्रश बनवण्याची फर्माइश केली आणि तिला सात नंबर आवडायचा, म्हणून हे नाव पडलं. त्यात कोलिन्स्की नावाच्या, मुंगसाच्या चणीच्या एका सायबेरियन प्राण्याच्या शेपटीचे केस असतात. आपल्याकडे खुद्द मुंगसाच्या केसांचे ब्रश चित्रकारांत चालायचे. पण मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि असे ब्रश बनवणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावानं देशभर छापे घातले होते. त्यामुळे दोन सेंटिमीटरच्या ढालीवर नक्षी काढताना पोलिस दारात यावेत असं वाटत नसेल, तर कृत्रिम केसांचा ब्रश घ्यावा. दादरला जाऊन महागडा ब्रश आणणारेही शेवटी कॅमलच्या शून्य नंबरावर येतात. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये शाई बनवायला काढलेला हा उद्योग २०११ मध्ये जपानच्या कोकुयोकडे गेला, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात ‘कॅम्लिन’ म्हटलं की अजूनही हात आपोआप त्याच फळीकडे जातो. साम्राज्याच्या निळ्या चिलखतासाठी गेम्स वर्कशॉपची स्वतःची बारा मिलिलिटरची बाटली येते, तिच्यावर ग्रहाचं नाव असतं. कॅमलच्या बाटलीवर नुसतं ‘अल्ट्रामरीन ब्लू’ असतं. योगायोग असा, की त्या निळ्या पलटणीचं नावही अल्ट्रामरीन्सच आहे.

ब्रशचं टोक अणकुचीदार करायला तो ओठांत धरायचा, ही जगभरच्या रंगाऱ्यांची वाईट खोड. आणि टेबलावर पाण्याच्या पेल्याशेजारी चहाचा कप असणं हा नियम. ब्रश चुकून चहात बुडतोच; त्यानं काही बिघडत नाही, चिखलाचा रंग उलट बरा येतो. कधी तरी पेला तोंडाला लागतो. तेव्हा मात्र चव लगेच कळत नाही, कारण टपरीच्या चहावर वाढलेली जीभ तेवढी चिकित्सक नसते.

सगळ्यांत अवघड काम डोळ्याचं. हेल्मेट नसलेल्या सैनिकाचं डोकं मुगाच्या दाण्याएवढं, त्यात डोळा मिलिमीटरच्या आत. सैनिक औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेपनं चिकटवतात, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवतात, कोपरं टेबलावर रोवतात. आधी खोबणीत गडद तपकिरी रेघ. त्यावर दोन्ही कडांना तपकिरी उरेल असा मळकट पांढरा. पांढराशुभ्र घेतला तर सैनिक भेदरलेला दिसतो. मग श्वास रोखून बुबुळ. ठिपका द्यायचा नाही, वरून खाली बारीक उभी रेघ ओढायची. ठिपका हमखास मध्यावरून सरकतो, रेघ निदान सरळ राहते. उरलेलं कातडीच्या रंगानं खालच्या पापणीत कापून काढायचं. डावा डोळा झाला की माणूस खूश होतो, आणि इथंच घात होतो, कारण उजवा त्याच्याशी जुळावा लागतो. तो जुळत नाही. एक डोळा शत्रूवर, दुसरा रसदेवर, असा तो वीर पुढची कित्येक वर्षं उभा राहतो. यावर अनुभवी लोकांचा तोडगा सोपा आहे: पलटणीतल्या सगळ्यांना हेल्मेट घाला. हेल्मेटला डोळ्यांच्या जागी दोन लाल भिंगं असतात, एक टिपका आणि काम फत्ते. धुळ्याच्या रस्त्यांवर न झालेली हेल्मेटसक्ती देवपुरातल्या या एका टेबलावर शंभर टक्के अमलात आली आहे.

घरात या सगळ्याचं पहिलं परीक्षण आजी करते. चष्मा कपाळावर चढवून ती एक सैनिक तळहातावर घेते.

“हाऊ कोन शे रे भाऊ?”

“स्पेस मरीन, आजी.”

“याले डोया कोठे शेतस?”

“हेल्मेट शे ना आजी, आत शेतस.”

“मंग ठीक शे. गाडी चालाडत व्हई.” मग सैनिक उलटासुलटा करून बघत, आवाज खाली आणून: “कितला पैसा गयात?”

“जास्त नही.”

खानदेशात या दोन शब्दांवर कुणाचाही विश्वास बसत नाही, पण पुढे विचारायचं नाही एवढं त्यातून कळतं.

आजीला नवल वाटतं ते किमतीचं, रंगवण्याचं नव्हे. तिच्या लेखी बोटाएवढ्या आकृत्या रंगवणं हे वर्षाचं ठरलेलं काम आहे. पोळ्याला मातीचे बैल रंगतात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसणाऱ्या गुलाबाईला रंगवलेलंच आणतात. आणि दिवाळीचा किल्ला, जो मूळचा पुण्या-साताऱ्याकडचा, तो आता धुळ्या-जळगावच्या अंगणांतही दिसू लागलाय. किल्ल्यावरचे मावळे म्हणजे नॉटिंगहॅमच्या आधीपासून महाराष्ट्राच्या घराघरांत असलेलं छोटं सैन्य. पुण्याच्या कुंभारवाड्यात नाहीतर कुठल्याही गावच्या कुंभाराकडे दोन पाकळ्यांच्या साच्यातून मावळे निघतात, आधी माती होती, आता बरेचसे प्लॅस्टरचे. रंगवताना एकेक मावळा पूर्ण करत बसत नाहीत. आधी सगळ्यांना अंगाचा रंग, मग सगळ्यांना अंगरखे, मग सगळ्यांच्या पगड्या, शेवटी एका बारीक ब्रशनं ओळीनं मिशा. इंग्रजी छंदातले पंडित हीच पद्धत मोठ्या शोधाच्या थाटात शिकवतात.

प्रमाणाच्या बाबतीतही दोघांचा स्वभाव जुळतो. वॉरहॅमरचा सैनिक २८ मिलिमीटरच्या ‘वीर’ प्रमाणात असतो, म्हणजे डोकं, हात आणि हत्यारं मुद्दाम मोठी. नाहीतर टेबलापलीकडून काही दिसणार नाही. मावळ्याची मिशी त्याच्या तलवारीएवढी असते ती याच तत्त्वावर. मात्र किल्ल्याची दिलदारी वॉरहॅमरमध्ये नाही. तिथं कुठल्या पलटणीनं कुठल्या पलटणीशेजारी उभं राहायचं याचे जाडजूड नियम. किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, दारात मावळे, पायथ्याशी दरवाज्याहून मोठा वाघ, शेजारी गवळण, हिरव्या प्लॅस्टिकचा बंदूकधारी इंग्रज सोजीर, एक हेलिकॉप्टर आणि कुरकुऱ्याच्या पुड्यातून निघालेला कुठला तरी राक्षस, असे सगळे अळिवाच्या हिरवळीत एकदिलानं नांदतात. विज्ञानकथेचं सैन्य म्हणायचंच तर हेच म्हणावं.

शिवाय या खेळाचा मूळपुरुषही विज्ञानकथा लिहिणाराच होता. परग्रहवासीयांचं पृथ्वीवरचं आक्रमण १८९८ मध्ये पुस्तकरूपात आणणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढलं. जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून, स्प्रिंगच्या तोफेनं लाकडी गोळ्या मारून लढाई कशी खेळायची, याचे नियम त्यात आहेत. खेळ बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे असं त्यांनी पुस्तकाच्या उपशीर्षकातच म्हणून ठेवलंय. ते तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले होते, त्यामुळे वरची मर्यादा त्यांनी सैल ठेवली यात आश्चर्य नाही. एकेकाळी ‘सुपरमॅन’ झालेला नट हेन्री कॅव्हिल उघडपणे सांगतो, की तो घरी बसून हेच सैनिक रंगवतो. देवपूरकराच्या आईला ही माहिती दिली तेव्हा ती म्हणाली, “त्याचं लग्न झालंय का?”

रंगवण्यापेक्षाही वेळ खातो तो अभ्यास. अल्ट्रामरीन्सच्या एका पलटणीत हजार योद्धे, शंभराच्या दहा तुकड्या. कुठल्या तुकडीच्या खांद्यावरच्या पट्टीची किनार कुठल्या रंगाची, सार्जंटचं हेल्मेट कधी लाल, यावर वाद झडतात. ऑर्क नावाचे हिरवे रानदांडगे मानतात, की गाडी लाल रंगवली की जास्त पळते, आणि त्यांच्या जगात ती खरंच पळते. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या ढाब्याशी उभ्या ट्रकांची रंगसंगती पाहिली, तर हा सिद्धांत फक्त ऑर्कांनाच सुचला असं म्हणवत नाही. पण खरी थोर गोष्ट ही, की हे संशोधन ज्या गावात चालतं, तिथंच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अखेरच्या काळात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आजही त्यांचे कागद सांभाळून आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. देवपूरकर जी साधनं धुंडाळतो ती अजून अडतीस हजार वर्षांनी घडायची आहेत. अस्सल कागद मिळण्याची अडचण दोघांनाही सारखीच.

मग कुणी तरी विचारतं, आणि रास्त विचारतं, की एवढी हौस आहे तर आपल्याच लढाया का रंगवत नाहीस? जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठ्यांनी पानिपत जिंकलेलं दाखवलं, तसं टेबलावर का होऊ नये? लांब कशाला, थाळनेर आहे. धुळे जिल्ह्यातच, तापीच्या काठावर. मंदसौरच्या तहानं होळकरांनी किल्ला सोडलेला, पण किल्लेदार तुळशीराम मामानं २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेला दार उघडलं नाही. दरवाज्यात झालेल्या झटापटीत इंग्रज अधिकारी पडले, त्यावर आतल्या जवळपास तीनशे अरब शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. नाट्य हवं तर यात कमी नाही. पण थाळनेरचा अरब शिबंदीवाला सांगून कुणी साच्यात ओतत नाही, आणि अठ्ठावीस मिलिमीटरचा तुळशीराम मामा कुठल्या दुकानात मिळत नाही. ज्याचं सैन्य खोक्यात मिळतं त्याचंच युद्ध टेबलावर होतं, आणि नॉटिंगहॅमची खोकी धुळ्यापर्यंत पोचतात.

पोचतात, पण युद्ध होतं का? लढायला टेबल लागतं साठ बाय चव्वेचाळीस इंचांचं. त्या मापाचं देवपुरातल्या फ्लॅटमध्ये एकच असतं, आणि त्यावर कुरडया वाळत असतात. भूप्रदेश थर्मोकोलचा होतो, ते किल्ल्यामुळे अंगवळणी पडलेलं. प्रतिस्पर्धी हा खरा प्रश्न. सैन्य दोन्ही बाजूंना लागतं, आणि जवळचा दुसरा सेनापती बहुधा नाशिकला किंवा पुण्याला नोकरीला असतो. तो दिवाळीत येतो तेव्हा तीन तास नियमांवर चर्चा होते, पुढला तास कुणाची फौज किती रंगली यावर जातो, आणि मग जेवायला हाक येते.

पण रंगाला पर्याय नाही. २०२०च्या नियमांपासून डावाच्या शंभर गुणांतले दहा गुण फौज पूर्ण रंगलेली असली तरच मिळतात. तळव्याखालच्या गोल चकतीला रंग आणि माती लावलेली हवी, नाहीतर तेही गेले. जगात फक्त याच सैन्यात गणवेशाला इस्त्री नाही म्हणून लढाई हरता येते. त्यामुळे करड्या प्लॅस्टिकची फौज घेऊन बसलेला सेनापती तोंड उघडायच्या आत दहा गुणांनी मागे असतो. देवपूरकर या भीतीनं रंगवत राहतो, आणि रंगवता रंगवता दुसरं खोकं घेतो, कारण पहिल्याचा कंटाळा आलेला असतो. कपाटावर चढलेल्या न उघडलेल्या खोक्यांच्या थप्पीला या छंदात जगभर लाजेचा ढीग म्हणतात. देवपुरात तिच्यावर जुनी चादर टाकलेली असते आणि पाहुण्यांना ती स्पर्धा परीक्षेची पुस्तकं म्हणून सांगितली जाते.

त्यातच कंपनी दर तीन वर्षांनी नियम बदलते: जून २०१७, जुलै २०२०, जून २०२३. पलटण निम्मी रंगत आली, की तिचे गुण बदलतात, बंदूक कुचकामी ठरते. २०१७ मध्ये तर कमाल झाली. कंपनीनं ‘प्रायमरिस’ नावाचे नवे योद्धे आणले, जुन्यांपेक्षा डोकंभर उंच. कालपर्यंत आकाशगंगेत ज्यांच्यापुढे उभं राहायची कुणाची टाप नव्हती, ते शेजारी ठेवल्यावर त्यांचे शाळकरी भाऊ दिसायला लागले. मग जुन्यांना टाकवत नाही म्हणून लोक त्यांच्या पायांखाली बुचाचे तुकडे चिकटवून उंची वाढवतात, आणि बाजूनं वाळू लावून तो खडक असल्याचं भासवतात.

देवपूरकरही तेच करतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून मागून आणलेली बुचं ब्लेडनं कापताना एकदा ब्लेड घसरतं आणि या अख्ख्या मोहिमेतलं पहिलं रक्त सांडतं. आजी डब्यातली हळद दाबून चिंधी बांधते, टेबलावर रांगेनं उभ्या असलेल्या बिनडोळ्यांच्या फौजेकडे बघते आणि विचारते, “मंग, कोन जिकनं रे?”

“अजून अस्तरच चालू शे, आजी.”